चालायचं कधी, थांबायचं कधी: मुंबईत पक्ष्यांचे फोटो काढत डोंगरवाटा चालू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

पक्ष्याचा फोटो काढायचा तर थांबावं लागतं आणि डोंगर चढायचा तर चालावं लागतं. दोन्ही एकाच सकाळी करायला गेलं की सुरुवातीला दोन्हींचा विचका होतो. माझा तसाच झाला होता. चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी रक्तदाब बघून रोज चालायला सांगितलं. त्याच सुमारास भावाचा जुना कॅमेरा माझ्याकडे आला आणि मी दर रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जायला लागले. तीन-तीन तास बाहेर असायचे, घरी येईपर्यंत पाय भरून यायचे. तरी तीन महिन्यांनी तपासणीत आकडा जिथल्या तिथे. फोनमध्ये पाहिलं तर एका सकाळचं चालणं जेमतेम अडीच किलोमीटर भरलं होतं. झाडाझाडाखाली दहा-दहा मिनिटं मान वर करून उभं राहिल्याने पाय दुखतात, पण व्यायाम होत नाही. आणि मधल्या घाईच्या चालीने धाप लागलेली असल्यामुळे फोटोही हललेले यायचे.

तेव्हापासून मी चालण्याची वेळ आणि थांबण्याची वेळ वेगळी केली. हा लेख मुख्यतः त्या वाटणीबद्दल आहे. कॅमेऱ्याची बटणं कोणीही शिकवेल. पण ही वाटणी पहिल्या दिवसापासून जमली तर तब्येतही सुधारते आणि फोटोही.

पहिली पायरी: महिनाभर कॅमेरा घरीच

नवा कॅमेरा हातात असताना हे पटणार नाही, तरी करा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे किती, तर चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास असं चाला. सोसायटीला पाच-सहा मजले असतील तर लिफ्ट सोडून जिने चढा, कारण डोंगरावर पायांकडून जे काम होतं त्याची तयारी सपाट रस्त्यावर होत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत पाठीवर सॅक घ्या आणि तिच्यात दोन लिटर पाण्याच्या बाटल्या टाका. पुढे कॅमेरा आणि पाणी मिळून पाठीवर येईल ते वजन साधारण याच्या दुप्पट असतं. रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर चढाच्या वाटेला लागण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

या महिन्यात डोळ्यांना आणि कानांनाही कामाला लावा. खिडकीतून, गच्चीवरून, स्टेशनच्या वाटेवरून दहा पक्षी पक्के करा. साळुंकी, दयाळ, लालबुड्या बुलबुल, तांबट, शिंपी, जांभळा सूर्यपक्षी, भारद्वाज, कोकीळ, घार आणि राघू, एवढे मुंबईत बहुतेक ठिकाणी मिळतात. दिसण्याआधी ते ऐकू येतात. तांबट दिसायला चिमणीएवढा, पण तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा ‘टुक, टुक, टुक’ सलग चालू असतो. शिंपी तर अंगठ्याएवढा, आणि आवाज असा की झुडपात कोणीतरी मोठा पक्षी बसलाय असं वाटावं. फोनवरचं मर्लिन ॲप आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवतं आणि भारतातले पक्षीही ओळखतं. आधी आपण अंदाज बांधायचा, मग ॲपला विचारायचं. उलट क्रमाने केलं तर नाव कळतं, पक्षी लक्षात राहत नाही.

दुसरी पायरी: सामान कमी, पण नेमकं

दुर्बीण आधी घ्या, लेन्स नंतर. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. आठ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो आणि ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हाताचं थरथरणंही तितकंच मोठं दिसतं. झाडीत आणि चालून आलेल्या हाताला आठपटच बरी.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर नवख्यांची सगळ्यात महाग चूक एकच, पहिल्याच महिन्यात १५०-६०० मिलिमीटरची लेन्स घेणं. या लेन्सचं नुसतं वजन दोन किलोच्या आसपास असतं. कॅमेरा धरून पावणेतीन किलो गळ्यात लटकवून डोंगर चढलं की दुसऱ्या रविवारी माणूस लेन्स घरी ठेवतो आणि चौथ्या रविवारी स्वतःही घरीच राहतो. ७०-३०० ची साधी लेन्स त्याच्या निम्म्याहून हलकी असते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती साडेचारशेच्या लेन्सइतकं जवळ आणते, आणि नॅशनल पार्कातल्या कान्हेरीच्या रस्त्यावर बसणाऱ्या निम्म्या पक्ष्यांना तेवढं पुरतं. लेन्स बदलायचीच नसेल तर लांब झूमचा ब्रिज कॅमेरा घ्या. डोंगर चालणाऱ्यांसाठी मला तो सगळ्यात समंजस पर्याय वाटतो. संध्याकाळच्या उजेडात तो कमी पडतो, पण आपण जाणार सकाळी.

वापरलेला कॅमेरा घ्यायचा तर फोर्टच्या बोरा बाजारात चक्कर मारा. लेन्समधून टॉर्च मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, तिथून निघा. मोठी लेन्स हवीशी वाटत असेल तर मुंबईत लेन्स भाड्याने मिळतात. एका सहलीपुरती घ्या, डोंगरावर नेऊन आणा, मग ठरवा.

गळ्यातला पट्टा काढून टाका. त्याऐवजी खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा किंवा दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा हार्नेस लावा. गळ्यातल्या पट्ट्याने मला मानेचं दुखणं लागलं होतं आणि ते जायला दोन महिने लागले. बाकी कपडे मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. बुटांच्या तळाला खोल खाचा हव्यात. एक काठी जवळ असू द्या, उतारावर गुडघ्याला आधार होतो आणि थांबल्यावर तिच्या मुठीवर लेन्स टेकवता येते.

तिसरी पायरी: जागा

पहिल्या चार-पाच वेळा एकाच जागी जा. दर रविवारी नवी जागा गाठणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी तेच नेहमीचे पक्षी दिसतात. एकाच वाटेवर पुन्हा पुन्हा जाणाऱ्याला कोणत्या उंबरावर फळ आलंय आणि कोणत्या वाळक्या फांदीवर कोतवाल रोज बसतो हे कळायला लागतं.

मुंबईकराने सुरुवात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातूनच करावी असं माझं मत आहे. शंभराहून थोडं अधिक चौरस किलोमीटरचं जंगल शहराच्या मधोमध, आणि बोरिवली स्टेशनवरून चालत गेलं तरी पोचता येतं. मुख्य गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. नवख्याला डांबर फायद्याचंच, नजर पायाखाली ठेवावी लागत नाही. सर्वसाधारण तिकिटावर प्रवेश साडेसातच्या सुमारास सुरू होतो, सकाळी फिरणाऱ्यांसाठी पास वेगळा असतो आणि सोमवारी उद्यान बंद. कॅमेऱ्याच्या शुल्काचं तिकीट खिडकीवरच विचारा. शिलोंड्यासारख्या आतल्या वाटा निसर्ग माहिती केंद्राच्या परवानगीने आणि त्यांच्या मार्गदर्शकासोबतच करायच्या.

गोरेगावला फिल्मसिटीच्या आवारात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं शिक्षण केंद्र आहे. ही संस्था १८८३ सालची. तिथल्या जाणकारांबरोबर एक सकाळ घालवली की स्वतःच्या सहा महिन्यांच्या चुका वाचतात. ठाणेकरांना येऊरचं जंगल जवळ पडतं.

मग कर्नाळा. पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटर, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच. पेण किंवा अलिबागकडे जाणाऱ्या एसट्या अभयारण्याच्या दारावरून जातात. इथे अंगठ्यासारखा सुळका असलेला किल्ला आहे आणि खालच्या जंगलात निसर्गवाटाही आहेत, त्यामुळे चालणं आणि थांबणं दोन्ही मनासारखं होतं. किल्ल्याची चढण नवख्याला दीड-दोन तास घेते. सुळक्यावर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. तिथे आरडाओरडा नको, धूर नको, अंगावर अत्तर नको. या माश्या उठल्या तर पळायला वर जागा नाही.

चढण नको असेल त्या दिवशी खाडी. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या केंद्रातून बोटी सुटतात, शिवडीला चिखलाच्या काठावरूनच रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतात. हिवाळा सुरू झाल्यावर ते यायला लागतात आणि मे अखेरपर्यंत असतात. इथे घड्याळापेक्षा भरती महत्त्वाची. ओहोटीला पक्षी लांब चिखलात पांगलेले असतात आणि पाणी चढू लागलं की काठाकडे सरकतात. फोटो तेव्हाचे.

भरतीची वेळ काढायची युक्ती मला शेजारच्या काकांनी शिकवली. त्यांचं बालपण उरणला गेलं. मी फोनवर भरतीचा तक्ता शोधत होते.

“आज तिथी कोणती?” काकांनी विचारलं.

“द्वादशी असेल, काका. परवा एकादशीचा उपास... नाही, काल. म्हणजे आज द्वादशीच.”

“मग बाराची पाऊणपट कर. नऊ वाजता भरती.”

तक्त्यात नऊ वाजून काही मिनिटं होती. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून निघताना तक्ता बघाच. पण कॅलेंडरवर नजर टाकून रविवार ठरवायला एवढं पुरतं. मला शिवडीसाठी द्वादशी-त्रयोदशीची सकाळ आवडते. सातला पोचलं की पाणी चढत असतं, ऊन कोवळं असतं आणि पक्षी दर पाच मिनिटांनी थोडे जवळ आलेले असतात.

चौथी पायरी: सकाळची वाटणी

इथे जरा सविस्तर सांगते. कान्हेरीच्या रस्त्यावरचा माझा हिवाळ्यातला क्रम घ्या.

साडेसात ते पावणेनऊ, थांबण्याची वेळ. जानेवारीत मुंबईत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे आपण आत शिरतो तेव्हा ऊन नुकतंच झाडांच्या शेंड्यांवर आलेलं असतं. रात्रभर उपाशी असलेले पक्षी उन्हातल्या फांद्यांवर येतात, किडे टिपतात, पिसं साफ करतात. या सव्वा तासात मी दीड किलोमीटरपेक्षा जास्त जात नाही. सूर्य पाठीशी राहील अशी रस्त्याची बाजू धरते. एक झाड निवडते आणि तिथे पंधरा-वीस मिनिटं थांबते. पहिली पाच मिनिटं सगळं सामसूम, कारण आपण येताना पक्ष्यांनी आपल्याला पाहिलेलं असतं. आठव्या-दहाव्या मिनिटाला बुलबुल परत येतात. त्यांच्या मागे बाकीचे.

पावणेनऊला कॅमेरा बॅगेत जातो आणि चेन लागते. आता चालायचं. उरलेले चार-पाच किलोमीटर तासाभरात, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीने. नियम हा की चेन लागली की लेण्यांपर्यंत उघडायची नाही. सुरुवातीला हे अवघड जातं. एकदा याच टप्प्यात स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर माझ्या समोरून रस्ता ओलांडून गेला, हातभर लांब शेपटीच्या दोन फिती मागे लहरत. हात बॅगेकडे गेला आणि मी तो परत घेतला. तो बांबूच्या बेटात शिरेपर्यंत नुसती बघत राहिले. फोटो नाही, पण ती शेपटी अजून डोळ्यांपुढे आहे. आणि मी चेन उघडली असती तर त्या दिवशीचं चालणं तिथेच संपलं असतं, हेही मला ठाऊक आहे.

दहाच्या सुमारास कान्हेरी. माकडं खाऊची पिशवी हिसकावतात, म्हणून डबा उघड्यावर काढायचा नाही. लेण्यांच्या पायऱ्या चढून वरच्या खडकावर जायचं आणि पुन्हा थांबायचं. आता झाडीतले लहान पक्षी गप्प झालेले असतात, पण आकाश जागं होतं. जमीन तापली की गरम हवा वर उठते आणि शिकारी पक्षी पंख न हलवता तिच्यावर चढत जातात. घारी तर असतातच. नशीब असेल तर सर्पगरुड शीळ घालत गोल फिरताना दिसतो, पंखांखालचा रुंद पांढरा पट्टा बघून तो ओळखायचा. सकाळी सातला हा कार्यक्रम नसतो, म्हणून चढण दुसऱ्या टप्प्यात ठेवायची.

अकराला खाली. पाय उरले असतील तर चालत, नाहीतर उद्यानाची बस. अशा सकाळी आठ किलोमीटर आरामात होतात, त्यातले निम्म्याहून जास्त सलग. कर्नाळ्यालाही हेच करा. खालच्या वाटांवर आधी थांबून घ्या, किल्ल्याची चढण कॅमेरा बॅगेत ठेवून एका दमात.

पाचवी पायरी: फोटो

चालून आल्यावर लगेच कॅमेरा डोळ्याला लावू नका. दोन मिनिटं उभं राहा, श्वास खाली येऊ द्या. कोपरं बरगड्यांना टेकवा, अर्धा श्वास सोडा, मग बटण दाबा.

सेटिंग सुरुवातीला एकच ठेवा. मॅन्युअल मोड, शटर १/५०० (सेकंदाचा पाचशेवा भाग), अपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड उघडेल तेवढं, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, ऑटोवर. उडता पक्षी असेल तर शटर १/१६०० किंवा त्याहून वेगवान. दाट सावलीत आयएसओ ३२०० वर गेला तरी घाबरू नका. दाणेदार फोटो नंतर सुधारतो, हललेला सुधारत नाही. फोकसचा ठिपका डोळ्यावर. डोळा नेमका आला की बाकी पक्षी थोडा धूसर असला तरी चालतो. मागे उजळ आकाश असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक घर (+१) वाढवा, नाहीतर पक्षी काळा ठिक्कर येईल. उन्हातल्या पांढऱ्या बगळ्याला उलट, थोडं कमी करा.

सरावाला सगळ्यात चांगला गुरू म्हणजे वेडा राघू. तारेवर किंवा वाळक्या फांदीवर बसतो, हवेत झेपावतो, माशी पकडतो आणि पुन्हा त्याच फांदीवर येतो. मी पंचवीस-तीस फुटांवर रस्त्याकडेला बसले होते. हिरवा पक्षी, गळ्याला काळी रेघ, शेपटीच्या मधोमध सुईसारखी दोन पिसं. चोचीत मधमाशी घेऊन आला आणि तिला फांदीवर आपटायला लागला, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. मग तिचं पोट फांदीवर घासलं. नांगी आणि विष काढून टाकायची त्याची ही रीत. चार-पाच वेळा घासून झाल्यावर माशी हवेत जराशी उडवली आणि गिळली. पहिल्या तीन खेपांना मी फक्त मोजलं. झेप घेतल्यापासून परत बसेपर्यंत चार सेकंद, आणि दर वेळी उजव्या बाजूनेच यायचा. चौथ्या खेपेला फांदीच्या उजवीकडे थोडी जागा सोडून फोकस आधीच लावून ठेवला. पंख पसरलेला, चोचीत माशी असलेला तो माझा पहिला धड फोटो. पक्ष्याच्या मागे कॅमेरा फिरवण्यापेक्षा तो कुठे परत येणार हे ओळखलं तर निम्मं काम होतं. कोतवाल आणि खंड्याही असेच परतणारे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस आणि पांगारा फुलतात. एखादी काटेसावर हेरा आणि तिच्या उन्हाच्या बाजूला बसा. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी, हळद्या, सगळे त्या लाल फुलांत डोकं खुपसतात आणि बाहेर येतात तेव्हा कपाळावर पराग लागलेले असतात. पानं झडलेली असल्यामुळे मध्ये काही आडवं येत नाही. नवख्याने मुंबईत एकच महिना निवडायचा म्हटलं तर मी फेब्रुवारी निवडेन.

आता न करायच्या गोष्टी. घरट्याजवळ जायचं नाही. फोटोसाठी फांदी बाजूला केली तरी पिल्लांवर ऊन आणि कावळ्याची नजर पडते. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. विणीच्या दिवसांत तो आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून खाणंपिणं सोडून धावत राहतो. आमिष नाही, दगड मारून उडवणं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि वनरक्षक तो लावतात, पण कायदा नसता तरी हे करायचं नव्हतंच. पक्षी आपल्याकडे टक लावून बघायला लागला, अंग आक्रसून उभा राहिला की आपण फार जवळ आलो आहोत. दोन पावलं मागे या.

सहावी पायरी: अंग सांभाळणं

पाणी दोन लिटर, मार्चनंतर तीन. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किती गेला हे लक्षात येत नाही. लिंबू-मीठ-साखरेची एक बाटली वेगळी ठेवा. खायला भाकरी-चटणी, राजगिऱ्याचा लाडू, खजूर. एप्रिल-मेमध्ये दहाच्या आत परत फिरा. डोकं दुखणं, मळमळ, अंगावर काटा, यातलं काही झालं तर सावलीत बसा, पाणी प्या आणि चढण तिथेच सोडा.

गुडघे उतारावर दुखावतात. उतरताना लेन्स बॅगेतच हवी. एका हातात कॅमेरा असताना माणूस घसरला की कॅमेरा वाचवायला जातो आणि मनगट मोडून घेतो.

बिबट्या. नॅशनल पार्क, आरे, येऊर, सगळीकडे आहे. माणसाला टाळणं हाच त्याचा स्वभाव. पण फोटोवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो चांगला येतो म्हणून आपण उकिडवे बसतो किंवा पोटावर झोपतो. अंधुक उजेडात बसलेला माणूस लहान जनावरासारखा दिसतो. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी झुडपांजवळ बसून फोटो काढायचे नाहीत, ऊन आल्यावर आणि मोकळ्या जागी काढा. एकट्याने जाऊ नका, मुलं मध्ये चालू द्या. दिसलाच तर पळू नका, पाठ दाखवू नका, त्याची वाट मोकळी सोडून सावकाश मागे व्हा.

खडकावर बसण्याआधी काठीने आपटा, दगडाखाली हात घालू नका. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही. १०८ ला फोन आणि सरकारी रुग्णालय.

बायकांसाठी वेगळं सांगते. पहिली लोकल पकडून जायचं तर किमान दोघी-तिघी मिळून जा. स्वच्छतागृह गेटजवळ वापरून घ्या, पुढे मिळेलच असं नाही. त्या भीतीने पाणी कमी प्यायचं मात्र नाही. ती चूक मी वर्षभर केली आणि नंतर मूत्रमार्गाच्या संसर्गाची औषधं घ्यावी लागली.

पावसाळ्यात

पावसाळ्यात मी जास्त चालते आणि कमी फोटो काढते. तरी या दिवसांचे पक्षी वेगळेच. पाऊस तोंडावर आला की नवरंग येतो. कर्नाळ्यात तिबोटी खंड्या येतो, चिमणीपेक्षा लहान आणि रंगपेटी सांडल्यासारखा. त्याच्या मागे कॅमेऱ्यांची गर्दी होते, तिथे शंभरावी लेन्स आपली नको. ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराची शीळ ऐका, एखादा मुलगा आपल्याच नादात शीळ घालत चाललाय असं वाटतं.

शेवाळलेल्या खडकावर चढायचं नाही, ओढ्याला पाणी वाढत असेल तर ओलांडायचं नाही. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, लेप्टोचा धोका असतो. कॅमेऱ्याला पावसापेक्षा घरातली दमट हवा जास्त मारते. माझी पहिली लेन्स जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात, कापडी बॅगेत होती. गणपतीत बाहेर काढली तर आत बुरशी. आता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवते आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरते. तांदळात ठेवू नका, पिठूळ धूळ आत जाते. एसी खोलीतून किंवा एसी लोकलमधून उतरल्यावर काचेवर वाफ धरते, तेव्हा बॅग बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा.

घरी आल्यावर

आंघोळीआधी पिंडऱ्या आणि कंबरेभोवती गोचीड आहे का बघा. पोटऱ्या आणि मांड्या ताणून घ्या. फोटो त्याच दिवशी चाळा. तीनशेतले दहा ठेवा, बाकीचे पुसा. पक्ष्यांच्या नोंदींच्या ईबर्ड या संकेतस्थळावर यादी टाकली तर ती अभ्यासकांच्या उपयोगी पडते. घुबडाचं किंवा घरट्याचं ठिकाण मात्र फोटोबरोबर कुठेही टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे वीस माणसं उभी असतात. ५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, शेवटचा दिवस पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसाचा. त्या आठवड्यात जाणकारांबरोबर फिरण्याचे कार्यक्रम मिळतात, एखाद्यात नाव द्या.

आणि एक वही ठेवा. फोटोत झाड, वारा, आवाज आणि चाललेलं अंतर येत नाही. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: “फेब्रुवारी, तिसरा रविवार. कान्हेरी रस्ता. थांबले १ तास २० मि., चालले ५ किमी सलग. पुलाअलीकडची काटेसावर निम्मी फुललीय. शिपाई बुलबुल ४, हळद्या १, सूर्यपक्षी बरेच. टकाचोर फक्त ऐकला. चेन लावल्यावर कोतवाल अगदी जवळ बसला, बघितला आणि पुढे गेले. पुढच्या रविवारी काकांना घेऊन यायचं, फुलं तोवर टिकतील.”